गावच्या जीवसृष्टीची नोंद आणि राखण

शेतकऱ्याच्या जमिनीचा हिशोब सात-बाराच्या उताऱ्यावर असतो. जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती, कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले, पाण्याचे साधन कोणते, हे सर्व त्यात लिहिलेले असते. परंतु त्याच जमिनीच्या बांधावरील आंब्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा, ओढ्याच्या डोहातील मासे, माळावरील मारवेल गवत, देवराईतील जुनी झाडे व वेली, आणि शेतातील फुलांवर दिवसभर फिरणाऱ्या मधमाश्या यांची नोंद कोणत्याही उताऱ्यावर सापडत नाही. शेतीचे पुष्कळसे काम ही मंडळी बिनबोभाट करीत असतात. त्यांचा हिशोब मात्र कोणीच ठेवीत नाही. त्यामुळे त्यांपैकी एखादा जीव गावातून नाहीसा झाला, तर तो केव्हा गेला व कशामुळे गेला हे सांगता येत नाही, आणि जे गेले ते परत आणण्याचा उपायही सुचत नाही.

आपल्या शिवारात काय आहे हे गावकऱ्यांनी स्वतः हिंडून पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि लिहिलेल्यावरून राखणीचा निर्णय घेणे, हे काम बाहेरचा कोणी येऊन करून देईल असे नाही. ते गावातील स्वयंसेवकांनीच करावयाचे काम आहे. ते कसे करावे याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधु-भगिनी यांच्यासाठी या लेखात दिली आहे.

नोंदीची गरज

शेतीच्या दृष्टीने पाहिले तरी या नोंदीचे महत्त्व सहज ध्यानी येते. गव्हाणी घुबड, पिंगळा आणि धामण हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू होत. घुबड अशुभ म्हणून हाकलले, धामण विषारी समजून मारली, की धान्याच्या कणगीपर्यंत उंदरांची वाट मोकळी होते. कांद्याचे बियाणे, सूर्यफूल, काकडीवर्गीय वेली व कित्येक फळझाडे यांच्या उत्पन्नासाठी सातेरी, आग्या, फुलोरी व पोयाच्या माश्या यांचे परागीकरण आवश्यक असते. त्यांची पोळी ज्या वड-पिंपळावर किंवा कड्यावर दरसाल लागतात, ती ठिकाणे गावात कोणाला तरी ठाऊक असतात. परंतु झाड तोडण्याचा प्रश्न आला म्हणजे त्या माणसाला कोणी विचारीत नाही.

नोंद नसल्याने काय होते याची दोन उदाहरणे येथे देण्यासारखी आहेत. पहिले गाजरगवताचे. १९५० च्या दशकात हे परदेशी तण पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेस आले. आज ते नाही असे गाव शोधूनही सापडणे कठीण. तण नवे असते तेव्हा मूठभर जागेत असते व चार माणसांनी उपटले तर संपते. ते जुने झाले म्हणजे सरकारी मोहिमांनाही पुरून उरते. आपल्या शिवारात नवे काय उगवले आहे हे वेळेवर ओळखणारी नजर गावात असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांच्या सूज-वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या शरीरात राहते, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, असे संशोधनातून सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. ढोरे टाकण्याच्या जागेवरील गिधाडे कमी होत चालली आहेत, हे गावोगावच्या गुराख्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. परंतु कोणत्या वर्षी किती होती व पुढल्या वर्षी किती राहिली, हे लिहून ठेवण्याची रीत नसल्याने त्या पाहण्याचा उपयोग झाला नाही.

कायद्याचा आधार

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे गावाच्या बाबतीत ग्रामपंचायतीने, जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. स्थानिक लोकांच्या साहाय्याने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम होय. या अधिनियमाखालील महाराष्ट्राचे नियम २००८ साली झाले. राज्यातील कामाची देखरेख नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ करते. गावच्या हद्दीतील जैविक संसाधने व्यापारासाठी नेणाऱ्यांवर शुल्क आकारण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. तेव्हा नोंदवही म्हणजे केवळ पशुपक्ष्यांची हौशी यादी नसून, गावच्या ठेव्याचा तो लेखी पुरावा आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली असा आदेश दिला, की सर्व स्थानिक संस्थांनी ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या स्थापून नोंदवह्या पूर्ण कराव्यात. न केल्यास त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. या आदेशामुळे रेंगाळलेल्या कामास मोठी चालना मिळाली. तथापि मुदतीत झालेले काम व मनापासून झालेले काम या दोन गोष्टी नेहमीच एक असतात असे नाही. कचेरीत बसून दोन आठवड्यांत भरलेली वही कागदोपत्री पुरी असते; परंतु पावसाळ्यात उगवणारी भाजी आणि हिवाळ्यात येणारा पक्षी तिच्यात कसा येणार? वर्षाचे सारे ऋतू पाहिल्याखेरीज गावची नोंद पुरी होऊच शकत नाही.

आपल्या गावची वही ग्रामपंचायतीत असल्यास ती मागून घ्यावी व तीन प्रश्न विचारून तपासावी. झाडापेल्यांची व प्राण्यांची नावे आपल्या गावच्या बोलीतली आहेत काय? प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी, कोठे व केव्हा केली हे लिहिले आहे काय? आणि ही वही ग्रामसभेत वाचून दाखविली गेली आहे काय? या तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर वहीचे काम अद्याप सुरू व्हावयाचे आहे असेच समजावे. त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. वहीत भर घालण्यास व ती दुरुस्त करण्यास कोणतीही मुदत आड येत नाही.

पाहण्यातून राखण : वेळासचा अनुभव

नुसत्या पाहण्याने काय साधते, अशी शंका पुष्कळांना येईल. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे गाव आहे. चिपळूण येथील सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर हिंडत असता, त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते व समुद्रात परत जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. मागे राहिलेली अंडी कोल्हे-कुत्री खात, आणि माणसेही ती काढून नेत.

संस्थेने गावकऱ्यांना दोष देण्याऐवजी त्यांनाच बरोबर घेतले. घरटे कोठे आहे हे ज्यांना अचूक ओळखता येई, तेच राखणदार झाले. हंगामात पहाटे किनाऱ्यावर फेरी घालावयाची, वाळूतील मागावरून घरटे शोधावयाचे, अंडी हलक्या हाताने काढून भरतीच्या रेषेपलीकडे कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवावयाची, आणि प्रत्येक घरट्याची तारीख व अंड्यांची संख्या लिहावयाची, अशी रीत बसली. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात व ती समुद्रात सोडली जातात. तारीख लिहिलेली असल्यामुळेच पिल्ले केव्हा येणार याचा अंदाज बांधता येतो. २००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि राखणीबरोबर घराघरांत चार पैसेही आले. पुढे कोकण किनाऱ्यावरील इतर गावांनीही ही रीत उचलली.

या अनुभवातील सार हे, की कार्यकर्ते पाहावयास गेले होते गरुड आणि दिसले कासव. किनाऱ्यावर हिंडलेच नसते, तर टरफलांचा अर्थ कोणी लावला नसता. राखणीचे काम पाहण्यापासून सुरू होते ते असे.

अभ्यासगटाची रचना

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. या गावाची एक रीत इतर गावांनी अवश्य घ्यावी अशी आहे. तेथे गावकऱ्यांचे अभ्यासगट असतात. गट एखादा विषय घेतो, माहिती जमवितो, चर्चा करतो, आणि मग विषय ग्रामसभेपुढे येतो. निर्णय सर्वांच्या सहमतीने होतो. मधमाश्यांना न मारता मध कसा काढावा यासारखे प्रश्नही तेथे अभ्यासाचे विषय झाले आहेत. अभ्यासाविना निर्णय नाही आणि निर्णयाविना अभ्यास नाही, अशी ही सांगड आहे.

आपल्या गावात आठ ते बारा माणसांचा एक अभ्यासगट तयार करावा. जैवविविधता समितीचे सदस्य त्यात असावेतच. परंतु तेवढ्यावर थांबू नये. गुराखी, मेंढपाळ, मासे धरणारे, रानभाजी व सरपण आणणाऱ्या स्त्रिया, वैदू, जुने बियाणे राखणाऱ्या आजीबाई, शाळेतील शिक्षक व वरच्या वर्गातील मुले-मुली या सर्वांना त्यात स्थान द्यावे. गावात ज्यांना अडाणी म्हटले जाते, त्यांनाच शिवाराची माहिती पुष्कळदा सर्वांत अधिक असते. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु भाजीपाला व धान्याची गावठी वाणे त्यांनी नेटाने जमविली व राखली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. तेव्हा गटात लिहिणारे कमी असले तरी चालतील, जाणणारे अधिक असावेत. मुलांनी लिहावे व वडीलधाऱ्यांनी सांगावे, अशी वाटणी उत्तम.

शिवारफेरीची रीत

गटाने प्रथम गावाचा नकाशा समोर ठेवून पाणी, माळ, जंगल, देवराई, गायरान, ओढे-नाले, जुनी मोठी झाडे, पडक्या विहिरी व कडे यांच्या जागा त्यावर दाखवाव्यात. नंतर या सर्व ठिकाणांना स्पर्श करणारे दोन-तीन मार्ग ठरवावेत. दरमहा एका ठरलेल्या दिवशी, सकाळच्या प्रहरी, दोन ते तीन तास त्याच मार्गाने फेरी घालावी. मार्ग व वेळ वरचेवर बदलू नये. कारण एकाच वाटेवर वारंवार पाहिले तरच कमी-अधिक काय झाले ते कळते.

फेरीस जाताना वही, पेन्सिल, पाणी व काठी एवढे सामान पुरे. मोबाइलवर छायाचित्र काढले तर त्यावर तारीख राहते. तेव्हा त्याचाही उपयोग करावा. परंतु छायाचित्र ही नोंदीची जोड आहे, नोंद नव्हे. प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात :

(१) तारीख, वेळ व ठिकाण. ठिकाणाचे गावात चालणारे नावच लिहावे.
(२) जीवाचे गावातील नाव. पुस्तकी नाव ठाऊक नसल्यास त्यावाचून अडू नये; ते मागाहून जाणकाराकडून घेता येते.
(३) किती दिसले व काय करीत होते.
(४) त्याचा गावाला उपयोग किंवा उपद्रव.
(५) वडीलधाऱ्यांच्या आठवणीत ते पूर्वी किती होते.
(६) पाहणाऱ्याचे व सांगणाऱ्याचे नाव.

नमुन्यादाखल एक नोंद अशी होईल : “जूनचा दुसरा आठवडा, सकाळी सात. खालच्या ओढ्यात पहिल्या पुराबरोबर मासे वर चढत होते. पोटात अंडी होती. बंधाऱ्याच्या भिंतीशी मासे अडून राहिले होते. वीस वर्षांपूर्वी ते वरच्या भातखाचरापर्यंत जात, असे सांगण्यात आले.” एवढ्या चार ओळींत माशाची वीण, तिची वेळ, तिच्या वाटेतील अडथळा व त्यावरील उपाय या सर्वांचे बीज आहे. ‘गावात मासे आढळतात’ असे लिहिल्याने यांतील काहीच हाती लागत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

ज्येष्ठ-आषाढात चढणीचे मासे, बेडूक व पहिल्या पावसाच्या रानभाज्या पाहाव्यात. शेवळा, कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली यांची नोंद करताना त्या कोठे उगवतात, केव्हापर्यंत कोवळ्या असतात व कशा शिजवितात हेही लिहावे. शेवळ्याची खाज जाण्यासाठी त्यात काकडाची फळे घालतात, यासारखी माहिती स्त्रियांच्याच तोंडी असते व लिहिली नाही तर त्यांच्याबरोबर जाते.

श्रावण-भाद्रपदात कातळावरील व माळावरील फुले, फुलपाखरे, सुगरणीची घरटी आणि परसातील गावठी वाणे पाहावीत. आश्विन-कार्तिकात गवत पक्व होते. तेव्हा गवतांची ओळख करून घ्यावी. मारवेल व पवन्या कमी होऊन कुसळी माजली असेल, तर त्या माळावर चराईचा ताण वाढला आहे असे समजावे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या सुमारास तळ्याकाठी पाहुणे पक्षी येऊ लागतात, म्हणून पाणवठ्यांची फेरी तेव्हा सुरू करून माघापर्यंत चालू ठेवावी.

फाल्गुन-चैत्रात पळस, सावर, मोह फुलतात. या झाडांवर कोणते पक्षी व कोणत्या माश्या येतात, आणि वणवा कोणत्या बाजूने लागतो, ते पाहावे. वैशाखात कोणत्या डोहात व झऱ्यात पाणी टिकून राहिले याची नोंद सर्वांत मोलाची. कारण तेवढ्याच जागांवर पाऊस येईपर्यंत शिवारातील सर्व जीव तगतात. वर्षाच्या अखेरीस, शक्य तर २२ मे या जैवविविधता दिनी, सर्व नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात.

नोंदीवरून निर्णय

नोंद वाचली व बांधून ठेवली, तर श्रम वाया गेले असे म्हणावे लागेल. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीपाठोपाठ एक निर्णय यावा. तो लहान असला तरी चालेल, परंतु गावाच्या हातचा असावा. काही निर्णय असे घेता येतील :

पहिल्या पुरातील चढणीचे मासे काही दिवस धरू नयेत. ओढ्यात विष, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग वापरून मासे मारण्यास कडक मनाई करावी. अशा उपायाने मोठ्या माशांबरोबर पिल्ले, झिंगे व बेडूकही मरतात, आणि तेच पाणी जनावरे पितात.

ढोली असलेली जुनी झाडे व मधाची पोळी धरणारे वृक्ष यांची यादी करून ती तोडू नयेत. बांधावरील झुडपे साफ जाळून न टाकता निदान एका बाजूस राखावीत. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारणे शक्य तो टाळावे. फवारणी टाळता येत नसेल तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, सायंकाळी करावी.

गायरानाचा एक तुकडा पावसाळ्यात चराईस बंद ठेवावा व गवताचे बी पडल्यानंतर कापणी करावी. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत ही तणे बी धरण्यापूर्वी श्रमदानाने काढावीत. गाजरगवत उपटताना हातमोजे घालावेत व नाका-तोंडावर कापड बांधावे.

जनावरांच्या दुखण्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याखेरीज औषध देऊ नये, आणि डायक्लोफिनॅक मुळीच देऊ नये. मेलोक्झिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे आढळले आहे.

देवराईबाबत विशेष दक्षता हवी. देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली झाडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच तोडली जाण्याचे प्रसंग येतात. देवराईत काय आहे हे लिहिलेले असेल, तर जीर्णोद्धार व झाडे या दोहोंचा मेळ घालता येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे स्थान आहे. तेथील पाण्यात माशाची एक नवी जाती आढळली व २०२० साली तिला त्या नदीवरूनच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव मिळाले. पुढे २०२१ साली शासनाने ते ठिकाण जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. श्रद्धेने राखलेल्या जागी काय दडलेले असते याचा हा बोलका दाखला होय.

घ्यावयाची काळजी

फेरी पाहण्यासाठी आहे, पकडण्यासाठी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राणी पकडणे, त्यांची अंडी किंवा घरटी हलविणे हा गुन्हा ठरतो. वेळासमधील अंडी हलविण्याचे काम प्रशिक्षित माणसे वनविभागाच्या सहकार्याने करतात. त्याचे अनुकरण मनाने करू नये. जखमी प्राणी आढळल्यास वनविभागाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे.

साप दिसल्यास दूर उभे राहावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची ओळख चित्रांवरून करून घ्यावी, परंतु कोणताही साप हाताळू नये. दंश झाल्यास वेळ न दवडता सरकारी दवाखान्यात न्यावे. आग्या माशीच्या पोळ्याखाली धूर, गोंगाट व उग्र वास टाळावा. मुलांना पाण्यात व कड्यावर एकटे सोडू नये.

माहितीच्या बाबतीतही विवेक हवा. दुर्मिळ पक्ष्याचे घरटे किंवा दुर्मिळ वनस्पतीची जागा मोबाइलवरून सर्वत्र पसरवू नये. शिकारी व व्यापारी तीच माहिती शोधीत असतात. वैदूचे औषधी ज्ञान त्याच्या संमतीवाचून लिहू नये, आणि त्याने गुप्त ठेवण्यास सांगितले तर तो भाग वहीच्या उघड प्रतीत घालू नये. ते ज्ञान त्याचे आहे, गावाने त्याचा मान राखला पाहिजे.

शेतकऱ्यांच्या काही शंका

“आमच्या जमिनीवर दुर्मिळ झाड किंवा पक्षी आहे असे लिहिले, तर जमीन जाईल काय?” असा प्रश्न हटकून विचारला जातो. नोंदवहीत नोंद केल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. एखादे ठिकाण वारसा स्थळ ठरवावयाचे झाल्यास स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करूनच ते ठरविले जावे, अशी अधिनियमात तरतूद आहे. ही गोष्ट कार्यकर्त्यांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावी. मनात भीती ठेवून कोणी खरी माहिती देणार नाही.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. “रानडुकरे व रोही आमचे पीक फस्त करतात आणि तुम्ही आम्हाला त्यांची राखण करावयास सांगता!” या तक्रारीस हसण्यावारी नेऊ नये. पिकाचे नुकसान हीदेखील वहीत लिहिण्याची बाब आहे. कोणत्या तारखेस, कोणत्या बाजूने, किती जनावरे आली व किती क्षेत्र गेले, हे लिहून छायाचित्र ठेवले तर नुकसानभरपाईसाठी विहित मुदतीत अर्ज करणे व पंचनामा करवून घेणे सोपे जाते. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून जनावरांच्या येण्याच्या वाटा व वेळा कळतात, आणि सामुदायिक कुंपण किंवा राखण कोठे करावी हे ठरविता येते. जी वही केवळ शेतकऱ्याचे कर्तव्य सांगते व त्याचे नुकसान सांगत नाही, ती अपुरी वही होय.

तिसरी शंका वेळेची. महिन्यातून एक सकाळ एवढाच या कामाचा बोजा आहे. पेरणी-कापणीच्या दिवसांत गटातील निम्म्या लोकांनी फेरी करावी व निम्म्यांनी शेताकडे पाहावे. आपल्याच बांधावर काम करताना जे दिसले ते संध्याकाळी गटाला सांगणे, हीसुद्धा सेवाच आहे.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने या कामात पुढारीपण न घेता जोडणाऱ्याचे काम करावे. गट जमविणे, पहिल्या तीन फेऱ्यांस हजर राहणे, जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या अध्यापकांची गाठ घालून देणे, वनविभागास आगाऊ कळविणे आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नोंदींचे वाचन घालणे, एवढे त्याने केले म्हणजे पुष्कळ झाले. वही मात्र गावात राहावी, गावकऱ्यांच्या अक्षरात असावी, आणि ज्याला पाहावयाची त्याला पाहता यावी.

पहिल्या वर्षी वही पातळ दिसेल. त्याने खचून जाऊ नये. शंभर नावांची उसनी यादी असण्यापेक्षा स्वतः पाहिलेल्या वीस नोंदी मोलाच्या आहेत. दुसऱ्या वर्षी त्याच वाटेने जाताना गेल्या वर्षीचे पान उघडले, की काय वाढले व काय उणे झाले ते आपोआप दिसू लागते. तेथूनच राखण सुरू होते. तरी गावोगावच्या मंडळींनी येत्या पावसाची वाट न पाहता पहिली फेरी याच महिन्यात काढावी, आणि तिची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.